गेली तर गेली

...आणि धूसर करूनसुद्धा ओळखलं हो! धूसर म्हणजे किती, तर चेहऱ्याच्या जागी नुसता उकडलेला बटाटा! माझ्याच हातानं केलं होतं, तीनदा घासून, त्यात नाक कुठे आणि कान कुठे हे मलासुद्धा सांगता आलं नसतं, आणि चेहरा तर माझाच! वर आवाज जाड केलेला, विहिरीतून आल्यासारखा. आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्याच दिवशी केस कापायला बसलो तर न्हावी म्हणतो, "काय राजा, जाहिरातीत आलास की!" मी म्हटलं, "कोण, मी? छे!" तर त्यानं माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, मागे एक आरसा लावला आणि म्हणाला, "हे दोन भोवरे मी आठ वर्षं कापतोय. तुझं तोंड मी कधी नीट बघितलं नाही, खरं सांगतो, पण हे मागचं डोकं हजारात ओळखेन." दोन भोवरे! लहानपणापासून सगळे सांगायचे, दोन भोवरे म्हणजे दोन बायका. बायकांचा अजून पत्ता नाही, एकीचाही नाही, पण भोवऱ्यांनी दगा दिला.

बरं, न्हाव्याचं सोडा. आईनं कशावरून ओळखावं? अंगठ्यावरून! मी घाबरलो की अंगठा मुठीत धरून बसतो, आत्तासुद्धा धरलाय, हा बघा. सगळं धूसर केलं आणि अंगठा राहिला. आईनं फोन माझ्यासमोर ठेवला, बोट त्या अंगठ्यावर ठेवलं आणि एकच विचारलं, "हे काय?" आणि त्यानंतर एकवीस दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणजे बोलायची, पण भिंतीशी. "भिंतीबाई, ज्याला जेवायचं असेल त्यानं ताट घ्यावं." "भिंतीबाई, ज्याचे कपडे वाळलेत त्यानं ते काढावेत." भिंत बिचारी गप्प, मी त्याहून गप्प.

तुम्ही हसताय. हसा. मी तसा बोलणारा माणूस नाही, तुम्हाला माहीतच आहे. तीन महिने आपण शेजारी शेजारी बसतोय, माझ्या तोंडून "जरा सरकता का" याच्यापलीकडे काही ऐकलंत? पण आता उभाच आहे तर सांगतो. आणि पहिल्यापासून, नीट मांडून सांगायचं असं ठरलंय, म्हणून पहिल्यापासून.

तर माझं काम काय? कापणं. मामांचा व्हिडिओचा स्टुडिओ आहे, दोन खोल्या आणि एक संडास. पुढच्या खोलीत मामा गिऱ्हाइकांशी गोड बोलणार, मागच्या खोलीत मी अंधारात, पडद्यासमोर. लग्नं, वाढदिवस, सत्कार, निरोपसमारंभ. लोकांना वाटतं, लग्नाचा व्हिडिओ म्हणजे लग्न झालं तसं दिसणार. कसलं तसं! लग्न चार तास नुसतं रटाळ चाललेलं असतं हो! कुणी जांभई देतंय, कुणी नाकात बोट घालतंय, नवऱ्याचा काका खुर्चीत घोरतोय. हे सगळं मी कापणार आणि उरलेल्या वीस मिनिटांत सगळे कसे हसरे, सुंदर, एकमेकांवर जीव टाकणारे. मामांचं एक वाक्य आहे, पहिल्या दिवशी मला सांगितलं, "भाच्या, चांगलं का वाईट, खरं का खोटं, ते गिऱ्हाईक बघेल. आपण काय, आपण नुसतं कापायचं."

आता माझी एक खोड. मी कापलेलं टाकत नाही. का, विचारू नका. मला वाटतं, घोरणारा काका झाला तरी माणूसच ना तो? त्याला एकदम पुसून टाकायचं म्हणजे... म्हणून मी एक फोल्डर केलं होतं, नाव 'टाकाऊ'. आठ वर्षांत त्यात काय काय साठलं! शहरातला प्रत्येक माणूस त्या फोल्डरमध्ये आहे आणि प्रत्येकाच्या तोंडात घास आहे. डोळे अर्धे मिटलेले, ओठ वाकडे, दातात काहीतरी अडकलेलं. डॉक्टर, वकील, पोलीस अधिकारी, खुद्द आपले नगराध्यक्ष, सगळे. कुणाचं काही वाईट करावं असं माझ्या मनातही नव्हतं. तुम्हाला सांगतो, कधी कधी जेवणाच्या सुट्टीत मी ते बघायचो. चांगल्या व्हिडिओत सगळी माणसं सारखी दिसतात, टाकाऊमध्ये वेगवेगळी. मला ती आवडायची.

आणि मग निवडणूक आली.

मोठ्या जाहिरात कंपनीचे एक साहेब आले. काळा चष्मा, खोलीतसुद्धा. खुर्चीत बसले नाहीत, टेबलाच्या कडेवर टेकले. मामांना म्हणाले, "नगराध्यक्षांचं काम आहे. समोरच्या उमेदवाराच्या विरोधात सहा जाहिराती हव्यात. शहरात एवढे चकचकीत स्टुडिओ सोडून मी तुमच्याकडे का आलो, माहीत आहे? तुमच्याकडे म्हणे लोकांची खराब तोंडं आहेत." मामांनी माझ्याकडे बघितलं. मी अंगठा मुठीत धरला. मामांनी कधीतरी कुणाच्या तरी बैठकीत गंमत म्हणून सांगितलं असणार. सांगितलंच होतं!

मी फोल्डर उघडून दिलं. साहेबांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच काढला. आणि घास-घास-घास बघत गेले, आणि त्यांचा चेहरा असा उजळत गेला की काय सांगू, नवरीकडे बघताना नवऱ्याचासुद्धा उजळत नाही; मी शेकडो कापलेत, मला माहीत आहे. म्हणाले, "अरे, ही तिजोरी आहे! आणि तू हिला टाकाऊ म्हणतोस?"

मग शिकवणी सुरू. विरोधकाचा फोटो घ्यायचा की आधी त्यातला रंग काढायचा. "माणूस करडा केला की निम्मा गुन्हेगार झालाच." मग हळू करायचा. "कुठलाही माणूस हळू हसला की कपटी दिसतो, तुझ्या आजीला हसव, बघ." मग आवाज हवा, काळजात धस्स करणारा. आमच्याकडे तसा आवाज कुठला? लग्नाचे सगळे बँडबाजे. तेवढ्यात मामा संडासाला गेले आणि ते दार वाजलं... कर्रर्रर्र. साहेब टेबलावरून उडी मारून उठले. "हाच!" तुम्ही ती जाहिरात बघितली आहे, सगळ्यांनी बघितली आहे. तो जो आवाज येतो ना, शहरावर संकट कोसळल्यासारखा, ते आमच्या संडासाचं दार आहे. मी स्वतः आत उभं राहून सात वेळा वाजवलं. आणि प्रत्येक वेळी साहेबांचं एकच, "छान, पण अजून थोडं भडक." काहीही करा, "अजून थोडं भडक." चहा आणून दिला, घोट घेतला, मला वाटलं आता चहालाही म्हणतील.

मी हळूच विचारलं, "साहेब, पण लोक म्हणतील हे खोटं आहे." तर म्हणाले, "खोटं कुठे? खाली ओळ टाकायची ना, 'काही प्रसंग परिणामासाठी रंगवलेले आहेत.'" मी म्हटलं, "केवढ्या अक्षरात?" म्हणाले, "मुंगीला चष्मा लागेल एवढ्या. आणि एक सेकंद. दीड केलास तर पैसे कापीन." मी मामांकडे बघितलं. मामा छताकडे बघत म्हणाले, "आपण काय, आपण नुसतं कापायचं."

इथवर मला माहीतच नव्हतं हो, समोरचा उमेदवार कोण! मी बातम्या बघत नाही, अंधारात बसतो. साहेबांनी फोटो टेबलावर ठेवला आणि...

बाई.

आता बाई कोण, हे तुम्हाला सांगायला नको, पण नीट मांडायचंय म्हणून सांगतो. बाई म्हणजे माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. भाषा शिकवायच्या. नववीत त्यांनी एक नियम काढला, प्रत्येकानं वर्गासमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं, विषय 'माझा एक अनुभव'. दहा मिनिटं! मी वर्गात चौथीपासून "हजर" एवढंच बोललेला मुलगा. पोरं मला मुका म्हणायची. माझा दिवस आला, माझ्या पोटात दुखायला लागलं. घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर विचारणार, काल का नाही आलास. म्हणून दुसऱ्या दिवशीही दुखलं. तिसऱ्या दिवशी तर दोन दिवसांचं सांगावं लागणार. हे असं वाढतच गेलं, आणि तुम्हाला सांगतो, ती पोटदुखी आठ वर्षं टिकली. त्यात वडील गेलेले, घरात आईची शिलाई. मामा म्हणाले, घरी बसून काय करतोयस, चार दिवस स्टुडिओत बस. अंधारी खोली, कुणाशी बोलायचं नाही. मला वाटलं, हेच ते, मी जन्मलो तो इथे बसायला.

बाई घरी आल्या. चार वेळा. पहिल्यांदा आईला भेटून गेल्या, म्हणाल्या, "त्याला म्हणावं, दहा मिनिटं म्हणजे काही फार नाही." दुसऱ्यांदा माझ्या वह्या घेऊन आल्या, "बरं, दहा नको, पाच मिनिटं बोल." तिसऱ्यांदा मी माळ्यावर लपलो, गाद्यांच्या मागे. आई म्हणाली, तो बाहेर गेलाय. बाईंनी मान वर केली आणि थेट माळ्याला सांगितलं, "दोन मिनिटं. तीसुद्धा बसून." मला शिंक आली होती, मी उशीत तोंड घातलं. चौथ्यांदा आल्या तेव्हा पाय मुरगळलेला, तीन मजले कठड्याला धरून चढल्या. मी दाराआड. दाराच्या फटीतून मला त्यांची सुजलेली पावलं दिसत होती. म्हणाल्या, "अरे, एक वाक्य बोल. नुसतं एक. उरलेलं मी सांभाळते." मी बोललो नाही. पाचव्यांदा त्या आल्या नाहीत.

आणि आता बाई टेबलावर, करड्या व्हायच्या.

मी मामांना कोपऱ्यात घेतलं, "मामा, या बाई आहेत." मामा म्हणाले, "म्हणून तर. मुख्याध्यापिका होत्या ना, त्यांच्या वेळी किती मुलांनी शाळा सोडली, त्यावर जाहिरात आहे." मी म्हटलं, "मामा, पण त्यातला एक मी आहे." मामांनी जाऊन फोटो पालथा घातला. माणूस वाईट नाही हो ते. पण स्टुडिओ त्यांचा, काम त्यांना हवं होतं. म्हणाले, "भाच्या, चार आठवडे. मग पुन्हा लग्नंच लग्नं. आपण काय..." पुढचं मी म्हटलं मनात.

आता बाईंवर जाहिरात करायची म्हणजे वाईट तोंड हवं. फोल्डरमध्ये बाईंचं एकच होतं. एका लग्नात बाई हॉलमध्ये शिरल्या, नवरा त्यांचा जुना विद्यार्थी, स्टेजवर बसलेला, बाईंना बघून सवयीनं ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "हजर, बाई!" अख्खा हॉल हसला आणि बाई अशा हसल्या, अशा हसल्या... तोंड हे एवढं उघडं. हॉलच्या दिव्यामुळे दात हिरवट आले म्हणून मी कापलं होतं. साहेब म्हणाले, "हे! याला हळू कर."

आणि मग वाक्य. बाईंचं प्रचारातलं भाषण साहेबांनी रेकॉर्ड करून आणलेलं. त्यात एक लांब वाक्य होतं. त्या लांब वाक्याच्या पोटात सहा-सात शब्द होते: "मुलं गेली तर गेली, आपण काय करणार." त्याच्या आधी काहीतरी होतं आणि नंतर काहीतरी होतं. साहेब म्हणाले, "आधीचं काढ, नंतरचं काढ." मी काढलं. श्वाससुद्धा ऐकू येणार नाही असं काढलं, कारण मला तेवढंच येतं, आणि जे येतं ते वाईट करायचं म्हटलं तरी हात ऐकत नाही. मग ते वाक्य त्या हसण्यावर चढवलं. करड्या बाई, हळू हळू तोंड उघडतायत, "मुलं गेली तर गेली, आपण काय करणार..." कर्रर्रर्र.

माझ्याच अंगावर काटा आला. साहेबांनी टाळी वाजवली आणि म्हणाले... हो, अगदी बरोबर, "अजून थोडं भडक. एक बळी हवा."

बळी म्हणजे शाळा सोडलेला मुलगा. नट बोलावला होता, तो आलाच नाही, दुसऱ्या पक्षाच्या जाहिरातीत त्याला शाळेत जाणाऱ्या मुलाचं काम मिळालं. साहेबांनी खोलीत चहूकडे बघितलं. खोलीत मामा, वय बावन्न, आणि मी. "तू किती शिकलास रे?" मी म्हटलं, "आठवी." साहेब मामांना म्हणाले, "बघा! देव देतो तेव्हा असा देतो." मी म्हटलं, साहेब, मला बोलता येत नाही, लोकांसमोर तर नाहीच. म्हणाले, "एकच वाक्य आहे." आता बघा! बाईंनीसुद्धा एकच मागितलं होतं!

खिडकीकडे तोंड करून बसवलं, अर्धं डोकं मागून, अर्धा गाल. वाक्य होतं, "मी शिकलो असतो... पण मला कुणी विचारलंच नाही." अकरा वेळा घेतलं. दहाव्या वेळी माझा आवाज फुटला. साहेब म्हणाले, "वा! काय नैसर्गिक!" नैसर्गिकच होतं हो. मला ती सुजलेली पावलं दिसत होती. मी म्हटलं, "साहेब, विचारलं होतं. चार वेळा." साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू शाळा सोडलीस, हे खरं ना? त्या मुख्याध्यापिका होत्या, खरं ना? ते वाक्य त्याच बोलल्या, खरं ना? प्रत्येक तुकडा खरा आहे. जोडणी तेवढी आपली." आणि मी अकराव्यांदा खिडकीकडे तोंड केलं. आठवी शिकलेला माणूस, त्यात मुका. आपण काय, आपण नुसतं...

जाहिरात आली. फोनवर आली, चौकातल्या मोठ्या पडद्यावर आली. दोन दिवसांत "गेली तर गेली" हे सगळ्यांच्या तोंडी. बस चुकली, गेली तर गेली! भाजी जळली, गेली तर गेली! आमच्या स्टुडिओची वीज गेली तर मामाच म्हणाले आणि मग जीभ चावली. आणि मामांची दुसरी पंचाईत, संडासाचं दार वाजलं की पुढच्या खोलीतलं गिऱ्हाईक दचकायचं आणि म्हणायचं, "हा आवाज कुठंतरी ऐकलाय..." मामांनी घाईघाईनं बिजागरीला तेल घातलं. पुरावा नष्ट!

बरं, असं नाही की फक्त बाईंवरच जाहिराती झाल्या. बाईंच्या बाजूनंही एक होती, त्यांच्या भाच्यानं केलेली, कागदाचं कात्रणकाम. त्यात नगराध्यक्ष ताटावर बसलेत आणि नदीवरचा पूल काट्यानं उचलून खातायत, मग ढेकर देतात आणि ढेकरेतून दोन खड्डे बाहेर पडतात. लोक पोट धरून हसले. आणि गंमत सांगू? नगराध्यक्षांना पूल खाताना बघून कुणालाही खरंच वाटलं नाही की त्यांनी पूल खाल्ला. पूल काय खातात? पण लोकांना पुलाचा हिशेब विचारावासा वाटला. आणि माझ्या जाहिरातीवर कुणीच हसलं नाही. सगळ्यांना खरं वाटलं. मी त्या अंधाऱ्या खोलीत बसून किती दिवस हेच घोळवत होतो, की ढेकरेतून खड्डे निघतात एवढी मोठी थाप, ती खोटी नाही, आणि माझं नुसतं आधीचं-नंतरचं काढलेलं, ते खोटं. असं कसं?

मतदानाला नऊ दिवस राहिले होते. घरात आई भिंतीशी बोलत होती. "भिंतीबाई, ज्या बाई लंगडत तीन मजले चढल्या, त्यांना म्हणे कुणी विचारलं नाही." मी उठलो आणि बाईंच्या घरी गेलो. ठरवून गेलो, सगळं सांगायचं. जिना चढताना पाठ करत गेलो, "बाई, ते मी कापलं. बाई, ते मी कापलं." बेल वाजवली. मला वाटलं, दार कर्रर्र वाजणार. नाही हो. आवाज न करता उघडलं.

बाई म्हणाल्या, "ये. दोन भोवरे." त्यांनीसुद्धा! मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचो ना मी, त्यांना सहा वर्षं माझ्या भोवऱ्यांचंच दर्शन झालेलं.

पाणी दिलं. मी पेला हातात धरून बसलो. बाई म्हणाल्या, "मी किती वेळा आले होते रे?" मी चार बोटं दाखवली. म्हणाल्या, "बरोबर. मग 'कुणी विचारलंच नाही' असं कसं म्हणालास? 'पाचव्यांदा विचारलं नाही' असं म्हणायचंस. तेवढं खरं होतं. पाचव्यांदा यायला हवं होतं मी. पाय बरा झाला, मग परीक्षा आल्या, मग राहिलं ते राहिलं." तुम्हाला सांगतो, मला वाटलं होतं रागावतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. माफी मागायची मी, आणि मागतायत कोण?

मग मला धीर यावा म्हणून की काय, जाहिरातीबद्दल बोलायला लागल्या. म्हणाल्या, "अतिशयोक्ती शिकवली होती ना मी तुम्हाला? अलंकार आहे तो. अलंकार म्हणजे दागिना, तो दिसला पाहिजे. पूल खाणारा माणूस दिसतो, तो दागिना. तोच दागिना कुणी कनवटीला लपवून नेला, तर त्याला दागिना घातला म्हणत नाहीत, चोरला म्हणतात." मला एकदम कळलं. इतके दिवस अंधारात घोळवत होतो ते बाईंनी दोन ओळींत... आठ वर्षांपूर्वीही त्या असंच शिकवायच्या. मी तेव्हा पोट धरून घरी.

आणि मग म्हणाल्या, "पण माझं वाक्य ज्यानं कापलंय ना, तो माणूस हुशार आहे हं. मी दहा वेळा ऐकलं. जोड कळत नाही. श्वास कुठे तुटला ते सापडत नाही. इतकं नेटकं काम! कोण आहे रे तो?"

आता बघा. जन्मात पहिल्यांदा बाईंनी माझ्या कामाला बरोबरची खूण दिली होती. पहिल्यांदा! आणि मी जे पाठ करत जिना चढलो होतो, ते ओठांवर होतं, अगदी इथे... आणि मी म्हणालो, "माहीत नाही, बाई."

पाणी प्यायलो आणि आलो.

नऊ दिवस मी रोज ठरवत होतो, आज सांगू. पूर्ण वाक्य जोडून फोनवर सोडलं, तेही नाव न घालता. अकरा वेळा बघितलं गेलं. त्यातलं सात वेळा आईनंच. आणि कापलेलं वाक्य अख्ख्या शहरानं. मतमोजणी झाली. बाई दोनशे अकरा मतांनी पडल्या.

साहेबांनी मामांना पैशांचं पाकीट दिलं आणि म्हणाले, "पुढच्या निवडणुकीला हेच फोल्डर." मी त्या दिवशी फोल्डर पुसलं. घोरणारा काका गेला, सगळे घास गेले. बाईंचं हसणं तेवढं ठेवलं, रंग परत घालून. दात हिरवेच आहेत.

आणि आता माझ्या खऱ्या तक्रारीवर येतो. बाई पडल्या. निवडून आल्या असत्या तर सभा, फायली, रस्ते, पूल, त्यांना श्वास घ्यायला वेळ मिळाला नसता! पण पडल्या. म्हणजे मोकळ्या झाल्या. म्हणजे वेळच वेळ! आणि एवढा वेळ असलेली शिक्षिका म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही अकरा जण इथे रविवार सकाळी झोप सोडून बसलाय ते काय हौसेनं? कुणी सातवीत सोडलेली, कुणी पाचवीत, प्रत्येकाच्या घरी बाई जाऊन आल्या. माझ्याकडे पाचव्यांदा आल्या. तीन मजले. म्हणाल्या, "राहिलेली फेरी करायला आले. रविवारी वर्ग आहे." आई म्हणाली, "भिंतीबाई, ज्याला लाज असेल तो जाईल." तो मी.

आणि पहिला नियम कोणता काढावा? प्रत्येकानं समोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं! विषय 'माझा एक अनुभव'! तीन महिने टाळलं, पोटात दुखलं, दोनदा दुखलं, आज मात्र बाईंनी औषधाची बाटलीच आणलीय, ती बघा टेबलावर.

म्हणून सांगतो. तुम्हाला नाही, त्या मागच्या बाकावर बसल्यात ना, त्यांना. माझ्या जागेवर. बाई, ते वाक्य पूर्ण असं होतं: "'मुलं गेली तर गेली, आपण काय करणार' असं म्हणणारी शाळा मला कधीच चालवता आली नाही, एक मूल घरी बसलं तरी माझा वर्ग मला अर्धा रिकामा दिसायचा." पाठ आहे मला. कापताना तीस वेळा ऐकलंय.

ते मी कापलं, बाई.

...

झालं. सांगितलं. अंगठा... अंगठा बाहेर आहे, बघा. एकच वाक्य होतं, आणि बाई, तुम्ही आठ वर्षांपूर्वी माझ्या दाराबाहेर उभं राहून एकच मागितलं होतं! तेव्हा दिलं असतं तर एका वाक्यात सुटलो असतो! सगळं तिथंच मिटलं असतं, मी शिकलो असतो, तुम्ही निवडून आला असतात, मामांच्या बिजागरीचं तेल वाचलं असतं... आता बसू? ...नाही? घड्याळ काय दाखवताय, बाई? ...अजून तीन मिनिटं आहेत? पण माझं सगळं सांगून झालं! मधलं थोडं कापून पुन्हा... कापायचं नाही? बरं. कापायचं नाही.

तर मंडळी, काय सांगत होतो... धूसर करूनसुद्धा ओळखलं हो!